हरवलेले ३२० फूट

कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहराजवळ फामोसो नावाचा एक जुना ड्रॅग रेसिंग ट्रॅक आहे. तिथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एक वेगळाच कार्यक्रम असतो. अंधार पडू लागला की साठच्या दशकातल्या लांबलचक, निमुळत्या गाड्या एकामागून एक मागून धक्का देऊन सुरू केल्या जातात आणि ट्रॅकवर ओळीने उभ्या केल्या जातात. इंजिने कडकडू लागतात, धुराड्यांतून ज्वाळा निघतात, हवेत उग्र वास पसरतो आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागते. एवढेच. गाड्या धावत नाहीत, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. या कार्यक्रमाला ‘कॅकलफेस्ट’ म्हणतात आणि त्यासाठी लोक दुरून येतात.

वेगाच्या खेळाचे चाहते उभ्या गाड्या बघायला का जमतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शरीरविज्ञान, रसायनशास्त्र आणि थोडे भौतिकशास्त्रही वाटेत भेटते. गेल्या काही दशकांत ड्रॅग रेसिंग खूप बदलले. जुन्या चाहत्यांची तक्रार अशी की या खेळातले खरे ते निघून गेले. ती तक्रार खोटी नाही. पण जे गेले ते का गेले, हेही समजून घ्यायला हवे.

रस्त्यावरून मैदानात

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि ठरलेले अंतर आधी कापेल तो जिंकतो. वळण नाही, फेऱ्या नाहीत. विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, तरुणांनी जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन त्यांची इंजिने वाढवायला सुरुवात केली. शर्यती सार्वजनिक रस्त्यांवर होत आणि त्यात माणसे मरत. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी आणायचे, हा तिचा मूळ उद्देश. म्हणजे हा धोकादायक खेळ जन्माला आला तोच सुरक्षिततेच्या नावाने.

अंतर ठरले पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा ४०२ मीटर. सुरुवातीला झेंडा घेतलेला माणूस उडी मारून शर्यत सोडत असे. १९६३ मध्ये त्याच्या जागी रंगीत दिव्यांचा खांब आला. त्याला ‘ख्रिसमस ट्री’ असे नाव पडले. पाव मैल मात्र तसाच राहिला. क्रिकेटमध्ये बावीस यार्डांना जे स्थान आहे, ते या खेळात १३२० फुटांना होते.

नायट्रोची किमया

या खेळातला सर्वांत वरचा वर्ग ‘टॉप फ्युएल’ आणि ‘फनी कार’ या गाड्यांचा. त्या पेट्रोलवर चालत नाहीत. त्यांच्या इंधनात सुमारे ९० टक्के नायट्रोमिथेन आणि उरलेले मिथेनॉल असते.

नायट्रोमिथेनची गंमत अशी की एका किलोमध्ये असलेली ऊर्जा पाहिली तर ते पेट्रोलच्या जेमतेम पाव भरते. मग ते का वापरायचे? कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो नायट्रोमिथेनला १.७ किलो पुरते. इंजिनात ठरावीक वेळात शिरणारी हवा मर्यादित असते. तेवढ्याच हवेत नायट्रो आठपटीहून जास्त जाळता येते आणि त्यातून पेट्रोलच्या सव्वादोन पट ऊर्जा मिळते. आठ सिलिंडरचे, ८.२ लिटरचे हे इंजिन सुमारे ११ हजार अश्वशक्ती निर्माण करते. एका फेरीत, तयारीपासून शेवटच्या रेषेपर्यंत, ४०-५० लिटर इंधन संपते.

चाहत्यांना आठवतो तो वास याच इंधनाचा. धुरातून न जळलेले नायट्रो आणि नायट्रिक आम्लाची वाफ बाहेर पडते. डोळे चुरचुरतात, नाक झोंबते, घसा आवळतो. इंजिन सुरू करताना गाडीभोवतीचे तंत्रज्ञ तोंडावर गॅसचा मास्क लावतात. प्रेक्षक मात्र डोळे पुसत हसत असतात. आपल्याकडे मिरचीची फोडणी पडल्यावर घरभर ठसका लागतो, तरी स्वयंपाकघरातून कोणी हलत नाही, तसेच काहीसे.

पाव मैल का गेला?

२१ जून २००८. न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे पात्रता फेरी सुरू होती. दोन वेळा टॉप फ्युएलचे विजेतेपद मिळवलेले स्कॉट कलिटा फनी कार चालवत होते. शेवटच्या रेषेजवळ ताशी सुमारे ३०० मैल (४८० किमी) वेगात इंजिनाचा स्फोट झाला. पॅराशूटने गाडी पुरेशी रोखली नाही. ट्रॅकच्या टोकाला वाळूचा पट्टा होता, तोही पुरला नाही. ४६ वर्षांचे कलिटा त्या अपघातात गेले.

पुढच्याच महिन्यात डेन्वरजवळच्या बँडिमेर ट्रॅकवर टॉप फ्युएल आणि फनी कारची शर्यत १००० फुटांची झाली. हा बदल तात्पुरता आहे, असे तेव्हा सांगण्यात आले होते. तो आजही कायम आहे. बाकीच्या अनेक वर्गांत अजून पाव मैलच धावतात. सर्वांत वेगवान दोन वर्गांतून मात्र ३२० फूट कमी झाले ते झालेच.

यामागचे गणित शाळेत शिकलेले आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. डॉन गार्लिट्स यांनी १९६४ मध्ये ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. केनी बर्नस्टीन यांनी १९९२ मध्ये ३०० मैलांचा. आज या गाड्या ३३० मैलांच्या (५३० किमी) पुढे जातात. दोनशेपासून तीनशे तीसपर्यंत वेग दीडपटीहून थोडा जास्त वाढला, पण थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेतीन पट झाली. अनेक ट्रॅकची लांबी मात्र जुन्या वेगाच्या हिशोबाने आखलेली होती. शेवटच्या रेषेनंतर कुठे शेत, कुठे रस्ता, कुठे भिंत.

ताशी ३३० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १४८ मीटर. पॅराशूट उघडलेच नाही आणि फक्त टायरच्या नेहमीच्या पकडीवर थांबायचे म्हटले, तर साधा हिशोब सव्वा किलोमीटरच्या पुढे जातो. कमी केलेले ३२० फूट म्हणजे साडेसत्त्याण्णव मीटर. या वेगात ते कापायला सेकंदाचा दोन तृतीयांश भाग लागतो. चाहत्यांनी जे गमावले ते एवढेच. आणि काही बिघडले तर चालकाला जास्तीचे जे मिळाले, तेही एवढेच. शिवाय इंजिनात स्फोट झाल्यास इंधन आपोआप बंद होऊन पॅराशूट उघडण्याची यंत्रणाही पुढे सक्तीची झाली. स्फोटानंतर चालक शुद्धीवर असेलच, याची खात्री कोण देणार?

शरीराचा हिशोब

या गाडीत बसलेल्या माणसाच्या शरीराचे काय होते, हे पाहिले की नियमांचा इतिहास वेगळा वाचता येतो.

सुटताना चालकाला पृथ्वीच्या गुरुत्वाच्या चार-पाच पट रेटा मागे दाबतो. अंतराळात झेपावणाऱ्या स्पेस शटलमध्ये तो तीन पटींपुरता मर्यादित ठेवला जात असे. चार सेकंदांच्या आत गोष्ट उलटते. पॅराशूट उघडते आणि तेवढाच झटका पुढच्या दिशेने बसतो. छाती पट्ट्यांनी बांधलेली असते, डोळ्याच्या आतला पदार्थ बांधलेला नसतो. वर्षानुवर्षे असे झटके बसल्यावर डोळ्याचा पडदा फाटण्याचा किंवा सरकण्याचा धोका असतो. पाच वेळा विजेते ठरलेल्या जो अमाटो यांनी डोळ्याच्या अशाच त्रासामुळे २००० च्या हंगामानंतर गाडी सोडली.

काही दुखापतींनी गाड्यांचा आकारच बदलला. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसच्या लायन्स ट्रॅकवर गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा भाग गेला. त्या काळी इंजिन पुढे आणि चालक त्याच्या मागे बसत असे. काही फुटले तर सगळे त्याच्या अंगावर. गार्लिट्स यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी विकसित केली आणि १९७१ मध्ये ती जिंकू लागली. काही वर्षांत जुनी रचना मुख्य शर्यतींतून नाहीशी झाली. कॅकलफेस्टमध्ये ज्या गाड्या बघून लोक गहिवरतात, त्यांतल्या बऱ्याच याच जुन्या रचनेच्या.

मार्च २००७ मध्ये फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे चाचणी सुरू असताना एरिक मेडलेन यांच्या फनी कारचे टायर प्रचंड थरथरू लागले. त्या हादऱ्यांत त्यांचे डोके बाजूंना इतके जोरात आपटत राहिले की मेंदूतले तंतू ताणून तुटले. वैद्यकशास्त्रात याला ‘डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी’ म्हणतात. कवटी शाबूत राहिली तरी मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या तारा निकामी होऊ शकतात. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा रुंद झाला, डोक्याभोवतीची गादी जाड झाली, पट्टे बदलले.

मेडलेन ज्यांच्या संघात होते ते जॉन फोर्स म्हणजे फनी कारचे १६ वेळा विजेते. जून २०२४ मध्ये व्हर्जिनियात शेवटच्या रेषेजवळ त्यांच्याही इंजिनाचा स्फोट झाला आणि गाडी ताशी ३०० मैलांच्या वेगात भिंतींवर आदळली. पंचाहत्तर वर्षांचे फोर्स वाचले, पण मेंदूला गंभीर इजा झाली. १००० फुटांचे अंतर, रुंद पिंजरा, जाड गादी हे सगळे असतानाची ही गोष्ट. ते नसते तर काय झाले असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

चाहत्यांची बाजू

तरीही चाहत्यांचे म्हणणे नीट ऐकायला हवे. पहिली गोष्ट, विक्रमांची वही मधोमध फाटली. नोव्हेंबर २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे हंगामाची शेवटची शर्यत होती. टोनी शूमाकर यांना विजेतेपद मिळवायचे तर अंतिम फेरी जिंकायची आणि त्याच फेरीत राष्ट्रीय विक्रमही करायचा, एवढाच एक मार्ग उरला होता. त्यांनी पाव मैल ४.४२८ सेकंदांत कापला आणि दोन्ही साधले. त्या दिवशी ज्यांच्या हातून विजेतेपद निसटले ते डग कलिटा, स्कॉट यांचे चुलत भाऊ. आजच्या गाड्या १००० फूट ३.७ सेकंदांच्या आत जातात, पण त्याची तुलना ४.४२८ शी करता येत नाही. वडिलांनी पाहिलेला विक्रम मुलाच्या काळात मोडला जाणे, यात खेळाची एक साखळी असते. ती इथे तुटली.

दुसरी गोष्ट, शेवटच्या ३२० फुटांतच अनेकदा निकाल फिरत असे. मागे पडलेली गाडी तिथे पुढे येई, पुढची दम टाकी. तिसरी गोष्ट, ट्रॅक. गार्लिट्स जखमी झाले तो लायन्स ट्रॅक १९७२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. शेजारच्या वस्तीच्या आवाजाबद्दलच्या तक्रारी बऱ्याच वर्षांच्या होत्या. इंग्लिशटाउनमधल्या ड्रॅग शर्यती २०१८ मध्ये थांबल्या. डेन्वरचा बँडिमेर २०२३ मध्ये संपला. पाव मैल जाण्याला कारण ठरलेला अपघात जिथे झाला आणि १००० फूट जिथे सुरू झाले, त्या दोन्ही जागी आज ड्रॅग शर्यत होत नाही.

स्थानिक ट्रॅक बंद होणे हे नुसते हळहळण्याचे कारण नाही. ज्या मुलांना १९५१ मध्ये रस्त्यावरून मैदानात आणायचे होते, तशी मुले प्रत्येक पिढीत असतात. मैदान गेले की रस्ता उरतो. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. पण रात्री मोकळ्या रस्त्यांवर दुचाक्या पळवणाऱ्या किती मुलांपर्यंत अशी धावपट्टी पोहोचते?

नाकातून थेट आठवणीत

आता पुन्हा बेकर्सफील्डकडे वळू. उभ्या गाड्यांमध्ये वेग नाही, विक्रम नाही, पाव मैलही नाही. वास आहे, आवाज आहे, छातीत होणारा हादरा आहे.

बाकीच्या ज्ञानेंद्रियांचे संदेश मेंदूत ‘थॅलॅमस’ नावाच्या मधल्या ठाण्यातून जातात. वासाचा संदेश मात्र त्याला वळसा घालून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट जोडलेला असतो. म्हणून पहिल्या पावसाच्या वासाने आजोळचे अंगण जसे समोर उभे राहते, तसे चित्राने राहत नाही. दुसरे म्हणजे, वय वाढल्यावर माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी सर्वाधिक आणि सर्वांत स्पष्ट आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसले आहे. वडिलांचा हात धरून पाहिलेली पहिली शर्यत आणि त्या धुराचा वास मेंदूत एकाच गाठोड्यात बांधलेले असतात.

आवाजाचेही असेच आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, ‘सॅक्यूल’. नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी या ब्रिटिश संशोधकांनी २००० मध्ये असे मांडले की खूप मोठ्या आवाजाला हा भागही प्रतिसाद देतो. ढोल किंवा मोठ्या संगीतात झोक्यावर बसल्यासारखे का वाटते, याचे ते एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. म्हणजे हा आवाज फक्त ऐकला जात नाही, शरीर त्यात झुलते.

पण कान परत येत नाहीत

इथेच आरोग्याचा मुद्दा येतो. सुटणाऱ्या टॉप फ्युएल गाडीजवळचा आवाज १४० ते १५० डेसिबलपर्यंत जातो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. १४० च्या पुढे एक क्षणही सुरक्षित नाही.

आपल्या प्रत्येक कानाच्या शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शर्यतीनंतर कानात ‘कुंई’ आवाज येतो, दुसऱ्या दिवशी थांबतो, आणि आपण म्हणतो की बरे झाले. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसातही असे होत असेल, तर गर्दीत समोरच्याचे बोलणे न समजण्यामागचे ते एक कारण असू शकते.

उपाय सोपा आहे. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवा. त्यावर हेडफोनसारखे जाड कर्णरक्षक लावा. नुसत्या कापसाचा फारसा उपयोग नाही. लहान मुलांना त्यांच्या मापाचे कर्णरक्षक हवेतच. शर्यतीला जायचा योग येवो न येवो, मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर किंवा ढोलपथकात उभे राहताना हेच लागू आहे. छातीतला हादरा कान झाकूनही मिळतो, हे ज्यांनी करून पाहिले त्यांना ठाऊक आहे.

आणि इथे त्या तक्रारीचेही उत्तर आहे. चाहते म्हणतात की ३२० फूट गेले आणि खेळ गेला. पण उभ्या गाड्यांसमोर तासभर थांबणारी गर्दी पाहिली तर दिसते की त्यांना हवे असलेले बरेच काही अंतरात नव्हतेच. ते वासात, हादऱ्यात आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसात होते. ते जपता येते. छोटे ट्रॅक वाचवता येतात, जुन्या गाड्या चालत्या ठेवता येतात, नातवाच्या कानाला रक्षक लावून त्याला कुंपणापाशी नेता येते. विक्रमांच्या वहीतली फट मात्र भरून येणार नाही. ती तशीच राहू द्यावी. त्या फटीत एका माणसाचे नाव आहे आणि सेकंदाचा दोन तृतीयांश भाग आहे, जो त्याला मिळाला नाही. त्याच्यानंतर आलेल्यांना तो प्रत्येक शर्यतीत मिळतो आहे.